आबांचं अक्षर कधी बिघडलं

आमच्या गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या गावांत म्हाताऱ्या माणसाचं बोलणं भरकटायला लागलं तर त्याची बातमी होत नाही. गुडघे दुखले की वाळपईला नेतात, मोतीबिंदू झाला की शिबिर कधी आहे ते विचारतात, साखर वाढली की ताटातला भात कमी करतात. डोक्याचं मात्र तसं नाही. सोप्यावर बसलेला म्हातारा जेवून उठल्यावर पुन्हा पेज मागतो, समोर बसलेल्या जावयाला ‘तू कोणाचा?’ म्हणून विचारतो, आणि घरातलं कोणीतरी हलकेच म्हणतं, ‘वय झालं.’ यात दुष्टपणा नसतो. म्हाताऱ्यांना सांभाळून घेण्याची आमची ही रीतच आहे. पण त्या सांभाळून घेण्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि तो न विचारल्यामुळे माणसं गेलेली मी पाहिली आहेत. हे असं कधीपासून?

आमच्या वाड्यावरचे आबा पंच्याहत्तरी ओलांडलेले. तरुणपणी खाणीवर टाइमकीपर, पुढे स्वतःचं कुळागर, थोडं काजूचं रान आणि देवळातल्या भजनाला पखवाज. त्यांची एक सवय सगळ्या वाड्याला ठाऊक होती. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी टांगलेल्या कालनिर्णयवर ते रोज काहीतरी लिहीत. दूध किती आलं, सिलिंडर कधी लावला, पाड्याला किती नारळ निघाले, काजूच्या बिया काय दराने गेल्या. अक्षर बारीक, टोकदार, तारखेच्या चौकटीबाहेर कधी न जाणारं.

दोन वर्षांमागे काजूचा हंगाम सुरू होताना आबा चिडचिडे झाले. जेवण कमी झालं. दुपारभर पडून राहायचे, डोकं दुखतं म्हणायचे, संध्याकाळी अंग किंचित कोमट लागायचं. शिगम्याला मांडावर गेले नाहीत, तेव्हा मात्र लोक चौकशीला आले. सत्तरीत त्या दिवसांत ताप म्हटला की पहिली शंका माकडतापाची, आणि ती रास्तही आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं पटापट मरू लागली तेव्हा हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ साली तो आमच्या पाली गावात आला आणि काजू गोळा करायला रानात जाणाऱ्या माणसांना त्याने गाठलं. विषाणू गोचिडीतून येतो. पाचोळ्यातली बारकी गोचीड पायाला कधी चिकटली हे कळतही नाही. त्याचा एक डाव फार वाईट आहे. ताप उतरतो, माणूस बरा झाला म्हणून घरचे सुस्कारा सोडतात, आणि काहींना तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा ताप येतो. तेव्हा मात्र डोकं फुटेल असं दुखतं, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो. शंभरातल्या दहा-वीस जणांना ही दुसरी फेरी भोगावी लागते.

आबांचं रक्त तपासायला गेलं. माकडताप निघाला नाही. सगळ्यांना हायसं वाटलं, आणि तिथेच चौकशी थांबली. आता ते चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या खाणीवरच्या पाळीचा भोंगा ऐकू येतो म्हणायचे, गेलेल्या बायकोला हाका मारायचे. वाड्यावरच्या बायका एकमेकींत म्हणाल्या, ‘पिशें लागलां.’ गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं, देवळात कौल लावला, उजवा, म्हणजे चांगला, मिळाला. मुलगा बोटीवर कामाला. त्याचा फोन आला की म्हणायचा, मी जूनमध्ये येतोय, तोवर बघा.

सून मात्र थांबली नाही. तिचं शिक्षण बारावीपर्यंतचं, डॉक्टरकीशी संबंध नाही. एके सकाळी दुधाचा हिशेब बघायला ती कालनिर्णयपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. तिने मला हाक मारून ते पान दाखवलं, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आबांचं अक्षर नेहमीसारखं होतं. पुढे आकडे चौकटीच्या रेघेवर चढायला लागले. मग एका गुरुवारचं दूध शुक्रवारच्या चौकटीत गेलेलं, सिलिंडरची तारीख एकदा लिहिलेली असून पुन्हा लिहिलेली. मग ‘नारळ’ या शब्दातलं ‘र’ गळलेलं. नंतर नुसतीच एक आडवी रेघ. मार्चचं पान कोरं.

‘वहिनी, वय झालं की एका महिन्यात असं होतं का हो?’ तिने मला विचारलं. मी शाळेत शिकवते, मला काय उत्तर देता येणार? पण तिला उत्तर नकोच होतं. तिने दोन्ही पानं खिळ्यावरून उतरवली, घडी करून पर्समध्ये घातली आणि गाडी बोलावली. तिथून बांबोळी म्हणजे दीडएक तासाचा रस्ता.

बांबोळीला म्हणजे आमच्या भाषेत गोमेकॉत, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, सगळा गोवा जातो. तिथल्या रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरने ती पानं हातात घेऊन दिव्याखाली धरली, हे सुनेने मला नंतर सांगितलं. मग तो म्हणाला, पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढून तपासावं लागेल. इथे नातेवाइकांचे फोन सुरू झाले. पाठीतलं पाणी काढू देऊ नका, माणूस कायमचा लुळा पडतो, अमक्याच्या काकाचं तसंच झालं. ही भीती आमच्याकडे फार खोल बसलेली आहे, आणि तिला कारणही आहे. लोक एवढे उशिरा येतात की तपासणी होते त्याच दिवसांत रोग्याचे हातपाय जातात, आणि दोष सुईच्या माथी बसतो. त्या डॉक्टरने केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला कणा काढून दाखवला. मुख्य मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली जाते, तिथे नुसते चेतातंतूंचे धागे पाण्यात सुटे लोंबत असतात आणि ते सुईपासून बाजूला सरकतात. दोन मिनिटांचं चित्र. मला वाटतं, प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर ते चित्र मोठं करून लावलं पाहिजे.

पाण्यात साखर कमी होती, प्रथिनं वाढलेली होती. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग.

टीबी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खोकणारा, खंगलेला माणूस येतो. हा मेंदूचा टीबी खोकत नाही. तरुणपणी कधीतरी शरीरात शिरलेला जंतू पन्नास-साठ वर्षं निजून राहतो, आणि वयाने, मधुमेहाने किंवा कुपोषणाने अंगातली ताकद ओसरली की जागा होतो. मेंदूभोवतीच्या आवरणांत तो आठवड्यांच्या सवडीने काम करतो. म्हणूनच तो फसवतो. आज चांगला असलेला माणूस उद्या बेशुद्ध झाला तर घरचे धावतात. पण हळूहळू मुका होत गेला, चिडायला लागला, जेवणावरून उठायला लागला तर कोण धावतं? त्यात म्हातारपणी ताप चढतोच असं नाही. मान ताठ झाली तर मणका झिजला म्हणून पट्टा बांधतात. उपचार आहेत, सरकारी यंत्रणेतून फुकट आहेत. फुप्फुसाच्या टीबीला सहा महिने लागतात, याला नऊ ते बारा, सोबत सुरुवातीचे काही आठवडे स्टिरॉइड. सगळा खेळ वेळेचा. शुद्धीत असताना औषध सुरू झालं तर माणूस हाती लागतो, बेशुद्धीत सुरू झालं तर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

आबा परतले. पूर्ण नाही. काठी लागते, डाव्या कानाने ऐकू येत नाही, पखवाजाला हात लावत नाहीत. पण कालनिर्णयवर लिहितात, चौकटीच्या आत.

हे लिहिताना मला कुठेही असं सुचवायचं नाही की विसरणारा प्रत्येक म्हातारा टीबीचा किंवा मेंदूज्वराचा रोगी असतो. बहुतेकांना असतो तो डिमेन्शियाच, म्हणजे हळूहळू वाढत जाणारा विस्मरणाचा आजार, आणि त्यातला मोठा वाटा अल्झायमरचा, ज्याचं पहिलं वर्णन जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली केलं. आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे शंभरात सातांहून थोडे अधिक. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आढळलं. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यात आणखी जास्त. आमच्या आज्या-आत्यांना शाळा किती मिळाली हे आठवलं की या आकड्यापुढे गप्प बसावंसं वाटतं.

डिमेन्शिया महिन्यांनी, वर्षांनी सरकतो. आधी भाजीत मीठ दोनदा पडतं. मग ‘दयानंद’ योजनेच्या पेन्शनचे पैसे काढायला बँकेत गेल्यावर सही जुळत नाही, आणि घरच्यांच्या आधी काउंटरवरच्या मुलीला काहीतरी चुकल्याचं कळतं. मग वाट चुकते. पण माणसाचं लक्ष तुमच्याकडे असतं. चुकीचं का होईना, तो उत्तर देतो. याच्या उलट, तासांत किंवा दोन-चार दिवसांत जो गोंधळ उसळतो, सकाळी बरा नि रात्री भिंतीवर साप दिसतात, बोलताना लक्ष एका जागी टिकत नाही, त्याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. आमच्या जुन्या बायका ‘तापात वात झाला’ म्हणायच्या तोच. त्याच्यामागे जवळजवळ नेहमी शरीरातली दुसरी काही गडबड असते. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तदाबाच्या गोळीने घसरलेलं सोडियम, झोपेची गोळी, पाणी न पिणं, कधी तुंबलेलं मलमूत्र. दोन-तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून डोकं आपटलेलं असतं आणि कवटीच्या आत रक्त हळूहळू साठत असतं, तेही असंच सुरू होतं. आणि एक शांत प्रकार आहे, त्याची मला सगळ्यात धास्ती वाटते. म्हातारी ओरडत नाही, उठत नाही, नुसती पडून राहते. घरचे म्हणतात, आज त्रास देत नाही.

मेंदूचाच जंतुसंसर्ग असेल तर वेळ आणखी कमी. ओठावरचे साधे तापाचे फोड उठवणारा नागिणीच्या कुळातला हर्पीस विषाणू क्वचित मेंदूत शिरतो, तोही नेमका जिथे आठवणी साठवल्या जातात त्या कानशिलाच्या आतल्या भागात. ताप, विचित्र वागणं, झटके. अॅसायक्लोविर हे औषध शिरेतून लगेच सुरू केलं तर जीव वाचतो, लांबलं तर जीव वाचूनही आठवणी वाचत नाहीत. भातशेतीतल्या डासांचा जपानी मेंदूज्वर, बारक्या किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस, डोक्यात चढलेला मलेरिया, यांतलं काहीही पावसाळी गोव्याला परकं नाही. स्क्रब टायफसला तर डॉक्सीसायक्लिनसारखं स्वस्त औषध पुरतं. पण ते कोणाला द्यायचं हे आधी सुचावं लागतं, आणि ‘वय झालं’ म्हणून पडवीत निजवलेल्या माणसाला ते कोण देणार?

नागिणीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस मरतो, असं आम्ही लहानपणी ऐकायचो आणि ती उतरवणाऱ्याकडे जायचो. वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची लस सुरू झाली तेव्हा २ सप्टेंबर १९३३ला किंवा नंतर जन्मलेल्यांनाच ती मिळणार असं ठरलं. म्हणजे एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाला लस, दुसऱ्याला नाही. बाकी सगळं सारखं. पुढच्या सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये डिमेन्शियाची नवी निदानं सुमारे एक पंचमांशाने कमी निघाली, बायकांमध्ये फायदा अधिक. एप्रिल २०२५मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. ती जुन्या पद्धतीची लस होती. आपल्याकडे २०२३पासून मिळते ती वेगळी आहे, आणि तिची किंमत पाहिली की आमच्या वाड्यावर ती कोणी विचारेल असं वाटत नाही. पण जंतू आणि विस्मरण या दोन गोष्टी आपण समजतो तितक्या लांबच्या नाहीत, एवढं त्यावरून दिसतं.

आता आत्याविषयी. पेडण्याकडे दिलेली माझी आत्या गेली काही वर्षं खऱ्याखुऱ्या डिमेन्शियात आहे. निदान झालेलं आहे, गोळी चालू आहे. ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारते आणि मी ओ देते. तिचा मुलगा, आमचा दादा, इंग्लंडमध्ये. सुना-नातवंडंही तिकडेच. घरात आत्या आणि तिला बघणारी झारखंडची मुलगी. पेडण्यात, बार्देशात, सासष्टीत अशी किती घरं आहेत ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. २०११च्या जनगणनेत गोव्यातली शंभरातली अकरा माणसं साठीच्या पुढची होती. देशात आपल्याहून पुढे एक केरळ. तेव्हापासून हा आकडा नक्कीच खाली आलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात आत्या एकाएकी जास्तच बिघडली. ताटातला भात बोटांनी चिवडत बसायची, घोट गिळायची नाही, रात्रभर चादरीचे काठ ओढायची. दादा व्हिडिओ कॉलवर होता. शेजारची माणसंही होती. सगळ्यांचं एकमत झालं की आजार पुढे सरकला, आता असंच चालणार. जवळच्या एका डॉक्टरने फोनवरच झोपेची गोळी वाढवायला सांगितली. मी पोचले तेव्हा ती मुलगी दारात उभी होती. तिच्याशी कोणी बोललंच नव्हतं, कारण तिला कोकणी येत नाही आणि तिला काही विचारायचं असतं हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मी हिंदीत विचारलं. ‘परसों शाम से,’ ती म्हणाली. ‘उससे पहले दादी मेरे हाथ से खाती थी. और दीदी, पेशाब में बास आ रही है, दो दिन से.’

लघवीत संसर्ग होता. औषध सुरू झालं आणि आठवड्याभरात आत्या आपल्या नेहमीच्या विस्मरणात परत आली. परत त्या मुलीच्या हातून जेवायला लागली.

डिमेन्शियाचं लेबल एकदा लागलं की पुढचं सगळं त्याच लेबलाखाली जातं, हे मला त्या दिवसांत कळलं. डिमेन्शिया असलेल्या माणसालाच डेलिरियम सहज होतो, आणि असा प्रत्येक झटका आधीच डगमगणारी बुद्धी आणखी एक पायरी खाली आणतो. म्हणजे ज्यांच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं त्यांच्याच बाबतीत ‘काय उपयोग’ असं आपण म्हणतो. यासारखा दुसरा अन्याय मला म्हातारपणातला दिसत नाही.

गोव्यात या विषयावर काम झालेलं नाही असंही नाही. जगातले डिमेन्शियाचे दोनतृतीयांश रोगी गरीब नि मध्यम देशांत असताना संशोधन मात्र दहा टक्केही तिथे होत नव्हतं. ते चित्र बदलायला १०/६६ नावाचा संशोधकांचा गट उभा राहिला, आणि त्याच्या सुरुवातीच्या कामात गोवा होता. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेली ‘संगाथ’ ही संस्था आणि डॉ. अमित डायस यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांसोबत केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक बाया-पुरुषांनी पंधरवड्यातून एकदा तरी घरी जायचं, सांभाळणाऱ्याशी बोलायचं, आजार समजावून सांगायचा, रोगी आरडाओरडा करतो तेव्हा काय करायचं ते दाखवायचं. असं सहा महिने. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्यातून कमी झाला. मोठं इस्पितळ नाही, महागडं यंत्र नाही, घराची पायरी चढणारं एक ओळखीचं माणूस. त्याला आता किती वर्षं झाली बघा. आणि अजून आमच्या गावात आरोग्याचं शिबिर भरतं तेव्हा रक्तदाब मोजतात, बोटाला सुई टोचून साखर बघतात, चष्म्याचा नंबर देतात. आजोबा, आज वार कोणता, एवढं विचारायला कोणी बसलेलं मी पाहिलेलं नाही. आणि सोबत आलेल्या बाईला बाजूला घेऊन, घरी काही वेगळं वाटतं का, हे तर नाहीच.

वास्तविक त्या बाईलाच सगळं ठाऊक असतं. एमआरआयमध्ये जे दिसतं ते आजचं. तीन आठवड्यांपूर्वी माणूस कसा होता हे कोणत्याही यंत्रात उमटत नाही. ते आबांच्या सुनेला ठाऊक असतं, आत्याला बघणाऱ्या मुलीला ठाऊक असतं, दिवसाआड धुणी-भांडी करायला येणाऱ्या बाईलाही असतं. इस्पितळात रोग्यासोबत जो नातेवाईक जातो तो बहुधा सगळ्यांत शिकलेला आणि सगळ्यांत कमी घरी असणारा. डॉक्टर त्याला विचारतात, तो म्हणतो, ‘बऱ्याच दिवसांपासून.’ या दोन शब्दांनी किती नुकसान होत असेल! शक्य असेल तिथे जी माणसं भरवतात, न्हाऊ घालतात, त्यांनाच गाडीत बसवून न्यावं. नसेल शक्य तर त्यांना फोन लावून डॉक्टरच्या हातात द्यावा. भाषा तुटकी असली तरी चालेल.

दादा आता फोन करतो तो आधी त्या मुलीच्या मोबाइलवर. जेवली का, झोपली का, लघवी साफ झाली का, काल आणि आज काही फरक. मग आत्याला दाखव म्हणतो. त्या मुलीसाठी खोलीत एक वही ठेवली आहे, ती हिंदीत दोन ओळी लिहिते. चवथीनंतर बहिणीच्या लग्नासाठी ती महिनाभर गावी जाणार आहे. बदली येणारी बाई ओडिशाची. ती जायच्या आधी आठ दिवस दोघींनी एकत्र राहावं, जुनीने नवीला आत्या कशी असते ते दाखवावं, असं आम्ही ठरवलं आहे. एजन्सीचा माणूस म्हणाला, दोघींचा पगार पडेल. दादा म्हणाला, पडू दे.